मधुचंद्राचीं बेटें आणि समुद्राचें पंचांग

लग्न ठरलें म्हणजे पूर्वीं घरांत पंचांग बाहेर निघे; हल्लीं पंचांग मिटण्याच्या आंतच नकाशा बाहेर निघतो. मुहूर्त, कार्यालय, मानपान ह्यांचा निकाल वडील मंडळी लावतात. पण लग्न झाल्यावर आठ दिवस कोठें जावयाचें, हा प्रश्न आतां सर्वस्वीं वधूवरांचा झाला आहे. महाबळेश्वर-माथेरानवर भागत असे ते दिवस मागें पडले. मालदीव, मॉरिशस, अंदमान हीं नांवें आज मध्यम स्थितींतील कुटुंबांतही सहज उच्चारलीं जातात, आणि निळ्या पाण्याचीं व पांढऱ्या वाळूचीं चित्रें समोर मांडून त्यांतील एक पसंत केलें जातें. आम्हांस ह्या हौसेची थट्टा करावयाची नाहीं. तरुणांनीं समुद्र ओलांडावा, तोही जोडीनें, ही आनंदाचीच गोष्ट आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ह्या निवडींत ‘कोठें’ हा प्रश्न आधीं विचारला जातो आणि ‘केव्हां’ हा मागाहून. इतिहासाचा क्रम नेमका उलट आहे. शिवाय ज्या चित्रावरून बेट निवडलें जातें, त्यांत वारा दिसत नाहीं आणि माणसेंही दिसत नाहींत. ह्या दोन गोष्टी चित्रांतून गळल्या कशा, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम शब्दाकडे वळूं. ‘मधुचंद्र’ हा शब्द इंग्रजी ‘हनीमून’चें शब्दशः भाषांतर होऊन आपल्याकडे आला. इंग्रजींत तो सोळाव्या शतकापासून सांपडतो. रिचर्ड हुलोएट ह्याच्या १५५२ सालच्या कोशांत त्याची नोंद आहे. त्या वेळीं प्रवासाशीं त्याचा कांहींएक संबंध नव्हता. विवाहानंतरचा पहिला काळ मधासारखा गोड असतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्यांत एक खोंचही होती, कीं पौर्णिमेचा चंद्र जसा दुसऱ्या दिवसापासून झिजूं लागतो, तसेंच ह्या गोडीचेंही होतें! म्हणजे मूळ शब्द काळाचा वाचक आहे, स्थळाचा नव्हे. पुढें एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील सुखवस्तु कुटुंबांत लग्नानंतर दौऱ्यावर जाण्याची चाल पडली. लग्नास येऊं न शकलेल्या आप्तांच्या भेटी घेणें हाही तिचा एक हेतु असे. आगगाडी आणि आगबोट ह्यांनीं तो दौरा लांबविला, आप्तांच्या भेटी हळूहळू गळाल्या, आणि जो शब्द महिन्याचा होता तो गांवाचा झाला.

आपल्याकडे लग्नानंतरचा पहिला प्रवास कुलदैवताचा. खंडोबा ज्यांचें कुलदैवत, त्यांचीं नवीं जोडपीं आजही जेजुरीस जातात, आणि नवरा नवरीला उचलून गडाच्या कांहीं पायऱ्या चढतो. तेथें ‘कोठें’ हा प्रश्नच उद्भवत नव्हता. तो कुळानें पिढ्यान्‌पिढ्या सोडवून ठेविलेला होता. दुसरेंही एक कारण होतें. मधुचंद्राचा विचार सुचण्यास नवराबायको आधीं वयांत आलेलीं असावीं लागतात. १८९१ सालीं संमतिवयाची मर्यादा दहाची बारा करितांना पुण्यांत केवढा वाद माजला, हें वाचकांस ठाऊक आहे. १९२९ च्या शारदा कायद्यानें वधूचें वय चौदा व वराचें अठरा केलें. १९७८ मध्यें तें अनुक्रमें अठरा व एकवीस झालें. हा मार्ग चालून आल्यावरच ‘आपण कोठें जाऊंया?’ असें नवरा बायकोला विचारूं शकला, आणि ती उत्तर देऊं शकली. म्हणून हा प्रश्न वरवर चैनीचा वाटला, तरी दोघांनीं मिळून केलेला तो पहिला निर्णय आहे, आणि तेवढ्याचसाठीं तो नीट व्हावा असें आम्हांस वाटतें.

आतां बेटाचें तें चित्र आलें कोठून हें पाहूं. त्याचा उगम प्रशांत महासागरांतील ताहिती बेटांत आहे. १७६७ सालीं सॅम्युएल वॉलिस हा इंग्रज कप्तान तेथें पोंचला. पुढच्या वर्षीं बूगँव्हील हा फ्रेंच दर्यावर्दी आला. आणि १७६९ सालीं कुक तेथें शुक्राचें सूर्यबिंबावरील अधिक्रमण पाहण्यासाठीं उतरला. बूगँव्हील तेथें जेमतेम नऊ-दहा दिवस राहिला. तेवढ्यांत त्यानें त्या बेटास ग्रीकांच्या प्रेमदेवतेच्या बेटावरून ‘नवें सिथेरा’ असें नांव दिलें, आणि १७७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनानें पॅरिसच्या दिवाणखान्यांत एक स्वप्न पेरलें: कष्ट नाहींत, कायदा नाहीं, बारमास फळें आणि बारमास प्रेम. नऊ दिवसांचा पाहुणा ज्या देशाचें वर्णन करतो त्या देशांत पाऊस पडत नसतो आणि कोणी आजारी नसतो! वस्तुस्थिति अशी कीं, वर्षभरापूर्वींच वॉलिसच्या तोफांनीं ह्याच किनाऱ्यावर माणसें मारलीं होतीं, आणि जहाजांबरोबर आलेल्या रोगांनीं पुढें त्या बेटाची लोकसंख्या भयंकर घटली. बूगँव्हील आपल्याबरोबर आहुतोरू नांवाच्या एका ताहितीवासीयास पॅरिसला घेऊन गेला. त्याचें तेथें मोठें कौतुक झालें. स्वदेशीं परतण्यासाठीं तो मॉरिशसपर्यंत आला, आणि तेथून निघाल्यावर १७७१ सालीं देवीच्या रोगानें वाटेंतच वारला. स्वप्न युरोपांत पोंचलें. ज्याच्या देशाचें तें स्वप्न, तो घरीं पोंचला नाहीं. प्रवासी कंपन्यांच्या आजच्या चित्रांत दोन माडांमध्यें बांधलेला झोपाळा आणि त्यावर दोघेंच जण असतात, तीं ह्याच कुळांतील आहेत.

ह्या चित्राच्या पूर्वीं कित्येक शतकें, आपल्या समुद्रांत बेट गांठण्याची रीत निराळी होती. तेथें आधीं वाऱ्यास विचारावें लागे. ‘मोसम’ हा आपल्या रोजच्या बोलण्यांतला शब्द मूळचा अरबी. ‘मॉन्सून’ हें इंग्रजी रूपही त्याच्याचपासून निघालें. उन्हाळ्यानंतर नैर्ऋत्येकडून आणि हिंवाळ्यांत ईशान्येकडून वाहणारे वारे हेंच हिंदी महासागराचें वेळापत्रक होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक पुस्तकांत ह्या वाऱ्यांचें ज्ञान स्पष्ट दिसतें. जहाज केव्हां निघेल ह्यावर तें कोठें पोंचेल हें ठरे. वारा चुकला तर व्यापाऱ्यास परक्या बंदरांत महिनोन्‌महिने बसावें लागे. आमच्या कोंकणांतील कोळी नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहून मगच होडी पाण्यांत घालतो, तीही ह्याच वेळापत्रकाची आठवण. आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत आपल्याकडे लग्नें होत नाहींत, तुळशीचें लग्न लागल्यावरच मांडव पडतात. ह्या नियमाचें धार्मिक कारण कांहींही असो, पावसाळ्याशीं त्याची सांगड उघड आहे. आमच्या पूर्वजांचें पंचांग आणि समुद्राचें पंचांग हीं बरीचशीं एकच होतीं.

ह्याचें उत्तम उदाहरण मालदीवांत मिळतें. सुमारें बाराशें बेटें, त्यांतील सुमारें दोनशें वस्तीचीं, आणि सर्वच समुद्रापासून हातभर उंच. अशा ठिकाणीं वारा ओळखल्यावांचून जगणें अशक्यच. तेथील लोक वर्षाचे दोन भाग करतात: ‘हुळंगु’ म्हणजे नैर्ऋत्येचा पावसाळी मोसम आणि ‘इरुवै’ म्हणजे ईशान्येचा कोरडा मोसम. ह्या दोहोंचे मिळून सत्तावीस लहान भाग, प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचा. आणि त्यांस म्हणतात ‘नकै’, म्हणजे आपलीं नक्षत्रें! आपला शेतकरी रोहिणी, मृग, आर्द्रा असें मोजीत पावसाची वाट पाहतो, तसाच मालदीवचा नावाडी रोनु, मियाहेलिया, अधा असें मोजीत समुद्राचा स्वभाव ओळखतो. धर्म निराळा, लिपि निराळी, पण आकाश वाचण्याची बाराखडी एकच. ‘मालदीवला केव्हां जावें?’ ह्याचें उत्तर त्या लोकांनीं फार पूर्वींच लिहून ठेविलें आहे: डिसेंबर ते एप्रिल, म्हणजे इरुवै.

ह्याच बेटांशीं विवाहाची एक जुनी कथाही निगडित आहे. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३४३ सालीं तेथें आला, काजी झाला, आणि त्यानें तेथें एकामागून एक अनेक विवाह केले. त्यानेंच लिहून ठेविलें आहे कीं, येथें मेहेर थोडा असल्यामुळें विवाह सोपा. जहाजें येतात तेव्हां खलाशी लग्नें लावतात आणि निघतांना काडी मोडून जातात. बायका मात्र आपला देश सोडीत नाहींत. आज जोडपीं लग्न करून बेटावर जातात. तेव्हां बेटावर जाऊन लग्न करीत व वारा फिरला कीं तें मोडीत. त्या बायकांचें म्हणणें कोणत्याही प्रवासवर्णनांत नाहीं. १९७२ सालीं कुरुंबा नांवाचें पहिलें विश्रामस्थान तेथें उघडलें. पुढें बराच काळ परदेशी पाहुण्यांची सोय वस्ती नसलेल्या बेटांवरच करावी असें सरकारी धोरण होतें. वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहें निघालीं तीं २००९ च्या सुमारास. तोंवर चित्रांतल्याप्रमाणें निर्मनुष्य बेट पाहुण्यांस प्रत्यक्षांतही दाखविलें जात होतें; मालदीवी माणसें भेटत तीं बहुधा ताट वाढतांना.

मालदीवच्या दक्षिणेस, विषुववृत्तापलीकडे वीस अंशांवर मॉरिशस आहे. आणि येथेंच वधूवरांची ठोकर लागते. डिसेंबर-जानेवारींत लग्न झालें, आपल्याकडे हवा गुलाबी आहे, म्हणून तेथेंही असेल असें धरून तीं निघतात. परंतु दक्षिण गोलार्धांत तो भर उन्हाळा. जानेवारी ते मार्च हे तेथील चक्रीवादळांचे महिने. बर्नार्दां द सॅं-पिएर ह्या फ्रेंच लेखकाची ‘पॉल आणि व्हर्जिनी’ ही १७८८ सालची कादंबरी ह्याच बेटावर घडते. बेटावरील निष्पाप प्रेमाची कल्पना घरोघर नेणारें हें पुस्तक. पण त्याचा शेवट असा कीं, नायिका किनाऱ्याच्या डोळ्यांसमोर वादळांत बुडून मरते. ‘सॅं-जेराँ’ हें जहाज १७४४ सालीं खरोखरच ह्या बेटापाशीं फुटलें; मात्र तें ऑगस्टमध्यें. कादंबरीकारानें तो अपघात उचलून डिसेंबरच्या अखेरीस नेऊन ठेविला. तो स्वतः बेटावर राहिलेला होता. वादळ घालावयाचें तर कोणत्या महिन्यांत, हें त्यास कळत होतें. कल्पित कथा रचणाऱ्यानें मोसम पाळला, आणि सत्य प्रवास करणारे तो विसरतात!

ह्या वादळांचा शास्त्रीय अभ्यास ज्यानें केला त्याचा मुंबईशींही संबंध होता. चार्ल्स मेल्ड्रम हा १८४६ सालीं मुंबईच्या शिक्षणखात्यांत नोकरीस आला आणि दोन वर्षांनीं गणिताचा प्राध्यापक म्हणून मॉरिशसला गेला. १८५१ सालीं त्यानें तेथें हवामान-मंडळ स्थापन केलें, आणि बंदरांत येणाऱ्या जहाजांच्या रोजनिशा तपासून वादळांचे मार्ग शोधण्याचें काम हातीं घेतलें. त्याच सुमारास, १८४८ सालीं, कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टननें खलाशांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ केला. एवढें होऊनही निसर्ग शिस्तींत बसत नाहीं: २९ एप्रिल १८९२ रोजीं, मोसम संपला असें लोक समजत असतां आलेल्या वादळानें पोर्ट लुईंत हजारांवर माणसें मारलीं. तरीही ढोबळ नियम कायम आहे. मे ते ऑक्टोबर हा मॉरिशसचा सौम्य, कोरडा हिंवाळा. म्हणजे वैशाख-ज्येष्ठांत लग्न झालेल्यांस, आपल्याकडे पाऊस दाराशीं आला असतां, हें बेट अनुकूल असतें.

मॉरिशस महाराष्ट्रीयांस परकें नाहीं. १८३४ पासून करारबद्ध मजुरांचीं जहाजें हिंदुस्थानांतून तेथें जाऊं लागलीं. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेलीं रत्नागिरी, सातारा बाजूचीं मराठी माणसेंही होतीं. त्यांचे वंशज आज तेथें नांदत आहेत, शाळांतून मराठी शिकविलें जातें आणि गणेशचतुर्थीची देशभर सुटी असते. पोर्ट लुईंत हे मजूर ज्या दगडी पायऱ्यांवरून उतरले, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ सालीं जागतिक वारसा ठरला. बेटाच्या नैर्ऋत्य टोंकास ल मॉर्न नांवाचा उभा कडा आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत लपत. गुलामगिरी १८३५ सालीं बंद झाली. तो डोंगरही २००८ पासून जागतिक वारशांत गणला जातो. आज त्याच्या पायथ्याशीं उत्तमोत्तम हॉटेलें आहेत, आणि छायाचित्रांत नवदंपतींच्या मागें दिसतो तो हाच कडा.

आतां अंदमान. मराठी घरांत ह्या बेटाचें नांव शंभर वर्षांपूर्वीं दबलेल्या आवाजांत घेत असत. समुद्रगमनाचा निषेध होताच. परंतु अंदमानचें ‘काळें पाणी’ हा निषेधाहून मोठा धाक होता. १८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्यें दोनशें कैदी घेऊन पहिलें जहाज तेथें लागलें. १८९६ ते १९०६ ह्या दहा वर्षांत सात फाट्यांचा तो प्रसिद्ध तुरुंग उभा राहिला. शेजारच्या कैद्याचें तोंड दिसूं नये अशीच त्याची रचना. गणेशपंत आणि विनायकराव हे सावरकर बंधु तेथें होते. १९११ सालीं तेथें गेलेल्या विनायकरावांना पत्नीची भेट मिळाली ती १९१९ सालीं, माई धाकटे दीर नारायणराव ह्यांच्याबरोबर त्या बेटावर गेल्या तेव्हां. गणेशपंतांच्या पत्नी येसूवहिनी ह्या ती भेट होण्यापूर्वींच वारल्या होत्या. समुद्र ओलांडून नवऱ्याकडे गेलेल्या त्या मराठी स्त्रीचा प्रवास आजच्या नवरीच्या प्रवासाशेजारीं ठेवून पाहावा. मार्ग एकच आहे.

ह्या बंदिवासांतही विवाह होत असत. चांगल्या वागणुकीच्या कैद्यास कांहीं वर्षांनंतर स्वतःच्या कष्टावर राहण्याची मुभा मिळे, आणि अधिकाऱ्यांच्या परवानगीनें त्यास स्त्रीकैद्यांपैकीं एकीशीं लग्न करतां येई. जात, भाषा, प्रांत सारें मागें राहिलेलें. दोघांत समान एवढेंच कीं दोघांनाही शिक्षा झालेली. ह्या संसारांतून वाढलेला समाज आजही तेथें आहे आणि हिंदी बोलतो. फाळणीनंतर पूर्व बंगालच्या निर्वासितांनाही १९५० नंतरच्या दशकांत तेथें जमिनी दिल्या गेल्या. ज्या हॅवलॉक बेटावर आज बहुतेक जोडपीं जातात, तेथील राधानगर, गोविंदनगर हीं गांवें ह्या निर्वासितांनीं वसविलेलीं. १८५७ चा उठाव मोडणाऱ्या सेनापतीचें त्या बेटाचें नांव २०१८ सालीं बदलून ‘स्वराज द्वीप’ झालें. पोर्ट ब्लेअरही २०२४ पासून ‘श्री विजय पुरम’ झालें आहे. आणि ह्या सर्वांच्या आधींपासून तेथें राहणाऱ्या जारवा, सेंटिनली आदि लोकांस १९५६ च्या नियमानें संरक्षण आहे. त्यांच्या वनाशेजारून जातांना त्यांचीं चित्रें न काढणें हा केवळ कायद्याचा नव्हे, सभ्यतेचा भाग आहे.

‘केव्हां’चें उत्तर अंदमानापुरतें असें: मोसमी पाऊस केरळाच्याही आधीं, मेच्या उत्तरार्धांत, तेथें पोंचतो आणि मग बराच काळ रेंगाळतो; ऑक्टोबर-नोव्हेंबरांत बंगालच्या उपसागरांत वादळें उठतात. म्हणून तुळशीचें लग्न लागतांच घाई करूं नये. माघ-फाल्गुनांत लग्न झालेल्यांना जानेवारी ते एप्रिल हा काळ तेथें उत्तम. एकूण हिशेब असा झाला: हिंवाळ्यांतील लग्नास मालदीव किंवा अंदमान, वैशाख-ज्येष्ठांतील लग्नास मॉरिशस. तारीख सांगा, बेट आपोआप ठरतें. अर्थात् हमी कोणीच देऊं शकत नाहीं. २६ डिसेंबर २००४ रोजीं, ऐन मोसमांत आणि स्वच्छ आकाशाखालीं, भूकंपाच्या लाटेनें अंदमान-निकोबार व मालदीव हीं दोन्ही झोडपलीं.

कोणी म्हणेल, ‘मधुचंद्रास जावयाचें कीं इतिहासाच्या परीक्षेस? आठ दिवस दोघांनीं जगास विसरावें, त्यांतही मास्तरांनीं तुरुंग आणि मजूर आणून बसवावे काय?’ ह्या आक्षेपांत तथ्य आहे. आठही दिवस तुरुंग पाहत हिंडा असें आम्ही म्हणत नाहीं. वाळूंत बसावें, पोहावें, चांदणें पाहावें. परंतु जगास विसरण्यासाठीं जी जागा आपण निवडतो, ती कोणाची तरी राहण्याची जागा असते. ज्या संध्याकाळीं आपण सूर्यास्त पाहतो, त्याच संध्याकाळीं तेथला नावाडी उद्यांच्या वाऱ्याचा अंदाज घेत असतो, आणि खोली आवरणारी बाई बोटीनें आपल्या मुलांकडे परत जात असते. त्या नावाड्यास त्याच्या नक्षत्रांचीं नांवें विचारावीं. मॉरिशसमध्यें कोणी मराठी बोललें तर त्याच्या पणज्याचें गांव विचारावें. अंदमानांत एक सकाळ त्या कोठड्यांसमोर उभें राहावें. एवढ्यानें मधुचंद्राची गोडी कमी होईल असें आम्हांस वाटत नाहीं. दोन माणसांनीं एकत्र राहावयाचें म्हणजे एकमेकांच्या पूर्वेतिहासाविषयीं आस्था बाळगावयाची. तिचा पहिला अभ्यास परक्या बेटाविषयीं झाला तर बिघडलें कोठें?

तेव्हां ज्यांचीं लग्नें येत्या तुळशीच्या लग्नानंतर ठरलीं असतील, त्यांस आमची सूचना एवढीच, कीं मुहूर्ताची चिठ्ठी हातीं पडल्यावर दोघांनीं मिळून आधीं वाऱ्याचा महिना पाहावा, मग नकाशा उघडावा, आणि सर्वांत शेवटीं चित्रें. त्यांचा प्रवास सुखाचा होवो.